अण्णांचं साखरपाणी

डिसेंबरात आमच्या घरातला पहिला दिवा लागतो तो अण्णांसाठी. घड्याळात सात वाजलेले असतात, पण बाहेर मिट्ट काळोख. सिअ‍ॅटलच्या भागात ऐन थंडीत सूर्य आठाला पाच मिनिटं असताना उगवतो आणि सव्वाचारच्या सुमाराला मावळतोही. मी ओट्यावरची काचेची बाटली उचलते, गाऊनवर जाकीट चढवते, मागचं दार उघडते आणि वळचणीला ठोकलेल्या आकड्यात बाटली अडकवते. दार लावून चहाचं आधण ठेवेपर्यंत काळोख जरासा पातळ होतो आणि बाटलीशी एक ठिपका थरथरू लागतो. अण्णा आले.

अण्णा म्हणजे अ‍ॅनाज हमिंगबर्ड. आई सांगलीहून पहिल्यांदा आमच्याकडे बॉथेलला राहायला आली, तेव्हा टेबलावर पक्ष्यांचं पुस्तक उघडं पडलेलं होतं. तिनं चष्मा लावून इंग्रजी नाव अक्षर अक्षर जुळवत वाचलं, “अण्णाज… अगं, हे कुठले अण्णा?” आमच्या घराण्यात अण्णा एकच, बाबांचे थोरले भाऊ. चण लहान, राग नाकाच्या शेंड्यावर; बांधावर परक्या म्हशीनं पाय ठेवला तरी काठी घेऊन धावायचे. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसली. तेवढ्यात बाटलीवर दुसरा एक हमिंगबर्ड येऊन टेकला. आमचा पहिला सीडरच्या फांदीवरून बाणासारखा सुटला, त्याला कुंपणापार पिटाळून आला आणि पुन्हा त्याच फांदीवर छाती फुगवून बसला. “भाऊजीच हे,” आई म्हणाली. “नाव चुकलेलं नाही.” तेव्हापासून आमच्याकडे नर तो अण्णा आणि मादी ती वहिनी.

खरी अ‍ॅना फ्रान्समधली, रिव्होलीची डचेस अ‍ॅना मासेना. तिच्या नवऱ्याला पक्ष्यांचे नमुने जमवायचा नाद होता. रने लेसन या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं १८२९ मध्ये या पक्ष्याला तिचं नाव दिलं. माणसांवरून पडलेली पक्ष्यांची इंग्रजी नावं बदलायची, असं अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञांच्या संस्थेनं २०२३ मध्ये जाहीर केलंय, त्यामुळे आज ना उद्या डचेसबाईंचं नावही जाईल. आमच्या घरातलं नाव त्या ठरावात येत नाही.

मराठीत हमिंगबर्डला गुंजन पक्षी असा छान शब्द आहे. मात्र तो वापरायची वेळ महाराष्ट्रात येऊ नये, कारण या कुळातल्या साडेतीनशेहून जास्त जाती आज फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर आहेत. पुण्यात कुणी “आमच्या गच्चीवर हमिंगबर्ड आला होता” म्हणालं, तर त्यानं शिंजीर पाहिलेला असतो, किंवा फुलासमोर अधांतरी तरंगणारा एक जाडजूड पतंग. गंमत अशी, की जर्मनीत सापडलेले सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म हमिंगबर्डसारख्याच पक्ष्याचे निघाले; गेरल्ड मायर यांनी २००४ मध्ये ते प्रसिद्ध केले. म्हणजे कधीकाळी हे कूळ आपल्या बाजूच्या जगातही होतं.

वजनाचं म्हणाल तर चहाचा एक चमचा साखर घ्या. चार-साडेचार ग्रॅम. तेवढंच अण्णांचं सगळं वजन, चोच, शेपूट आणि राग धरून. पाठ हिरवी, पोट राखाडी. गळा आणि डोकं एरवी काळपट दिसतं. पण मान जराशी वळली आणि ऊन नेमकं पडलं, की तिथे डाळिंबी ठिणगी उडते. पैठणीच्या धूपछाव पदरासारखं आहे हे, कोन बदलला की रंग बदलतो. त्या पिसांत लाल रंग भरलेला नाही. पिसांतल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश जसा परततो तसा रंग दिसतो. फोटो काढणारे त्या एका क्षणासाठी तास तास गारठतात. मी चहा पीत पाहते. दिवसाकाठी दोनदा तरी दिसतोच.

आता खरा प्रश्न. हमिंगबर्ड हा उष्ण हवेतला, मध पिणारा जीव. तो इथल्या पावसाळी, अंधाऱ्या, अधूनमधून बर्फ पडणाऱ्या थंडीत करतो काय? ‘स्थलांतरित पक्षी आणि स्थलांतरित आम्ही’ असं एक वाक्य लिहायचा इथे मोह होतो. परदेशस्थ मराठी माणसाच्या लेखात ते असतंच. पण अण्णा जात नाहीत, तिथेच मेख आहे. या भागातला दुसरा हमिंगबर्ड, विटकरी रंगाचा रूफस, शहाण्यासारखा थंडीआधी मेक्सिकोकडे निघून जातो आणि मार्चमध्ये परततो. अण्णा बारा महिने इथेच.

शंभर वर्षांपूर्वी ते इथे नव्हते. त्यांचं मूळ गाव दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याखालचा मेक्सिकोचा किनारा. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ऑस्ट्रेलियातून आणलेली निलगिरीची झाडं लागली. ती थंडीत फुलतात. मग घरोघरच्या बागांत परदेशी फुलझाडं आली, १९५० च्या सुमाराला साखरपाण्याच्या तयार बाटल्या बाजारात मिळू लागल्या. उन्हाळ्याच्या शेवटी हिंडत उत्तरेला आलेल्या पक्ष्याला परत जायचं कारणच उरलं नाही. सिअ‍ॅटलमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला १९६४ मध्ये. आमच्या गल्लीतल्या एक ऐंशी पार केलेल्या बाई इथेच जन्मल्या-वाढल्या. त्या म्हणाल्या, “माझ्या लहानपणी थंडीत हमिंगबर्ड दिसला असं कुणी म्हटलं असतं, तर आईनं त्याला ताप आलाय का ते पाहिलं असतं.” आज तो इथल्या थंडीतल्या नेहमीच्या पक्ष्यांपैकी एक आहे. सीमेपलीकडच्या व्हँकुव्हरनं तर २०१७ मध्ये त्याला शहराचा अधिकृत पक्षी करून टाकलं.

हे सगळं आमच्या बाटल्यांमुळे झालं का? नुसत्या बाटल्यांमुळे नाही, पण त्यांचा हात आहे. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा आणि बर्ड्स कॅनडा ही संस्था मिळून ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ चालवतात. साधी घरगुती माणसं हिवाळाभर आपल्या परसात आलेले पक्षी मोजून कळवतात. त्यातल्या १९९७ ते २०१३ या काळातल्या नोंदी एमा ग्रेग आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला, की या पक्ष्याचं उत्तरेकडे सरकणं वस्ती आणि बाटल्या या दोन्हींशी जोडलेलं आहे. म्हणजे अण्णा पाहुणे नव्हेत. आपणच त्यांना ठेवून घेतलंय. आणि ठेवून घेतलेल्या माणसाच्या जेवणाची वेळ चुकवायची नसते, हे मला बाटली टांगल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं.

ते २०२१ साल. नाताळला लागून बर्फ पडला आणि मग कितीतरी दिवस पारा शून्याच्या वर यायला तयार नव्हता. आदल्या रात्री आळसानं मी बाटली बाहेरच ठेवली होती. सकाळी पडदा सरकवला तर अण्णा बाटलीच्या कडेला बसलेले, पिसं फुगवून लिंबाएवढे झालेले, आणि चोच भोकात घालून पुन्हा पुन्हा बाहेर काढताहेत. आत बर्फाचा गोळा. साखरपाणी साध्या पाण्यापेक्षा थोडं उशिरा गोठतं, पण तो फरक एखाद-दुसऱ्या अंशाचा. मी बाटली आत आणून गरम पाण्याच्या नळाखाली धरली. पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ ते रिकाम्या आकड्यासमोर, जिथे बाटली असायला हवी होती नेमक्या त्या जागी, हवेत उभे होते. पंख फडफडवत, म्हणजे उरलीसुरली शिल्लक खर्च करत. मला इतकी लाज क्वचित वाटलीय.

कारण त्यांची रात्र कशी जाते ते मी वाचलेलं होतं. डिसेंबरातली इथली रात्र साडेपंधरा तासांची. जागेपणी हमिंगबर्डचं अंग चाळीस अंशांच्या आसपास गरम असतं, उडताना हृदय मिनिटाला हजारावर ठोके घालतं. हा संसार रात्रभर चालवायचा तर चार ग्रॅमच्या देहात पुरेल एवढी चरबी कुठून आणणार? म्हणून थंड रात्री तो दिवाच बारीक करतो. याला टॉर्पर म्हणतात. आपण ग्लानी म्हणू. शरीराचं तापमान बाहेरच्या हवेच्या दिशेनं घसरत जातं, हृदयाचे ठोके पन्नासापर्यंत उतरतात, श्वास कळून येत नाही. अँडीज पर्वतातल्या एका हमिंगबर्डचं शरीर रात्री ३.३ अंशांपर्यंत थंड झालेलं संशोधकांनी मोजलंय. तो शोधनिबंध २०२० मधला. ही अस्वलाची शीतनिद्रा नव्हे. रोज रात्री मालवायचं, रोज पहाटे पेटवायचं. पेटवायला अर्धा तास लागू शकतो. छातीचे स्नायू थरथरवून पक्षी स्वतःला तापवतो आणि त्यातच शिल्लक संपत येते. त्यानंतरचा पहिला घोट हा चैनीचा नसतो.

एका सकाळी वहिनी बाटलीला उलट्या लटकलेल्या दिसल्या, पाय दांडीत अडकलेले, डोळे मिटलेले. मी आईला फोन लावला, “गेली गं.” अर्ध्या तासानं त्या हलल्या, सरळ झाल्या, प्यायल्या आणि उडून गेल्या. नंतर कळलं, ग्लानीत असं होतं. अशा वेळी हात लावायचा नाही. जमिनीवर पडलेला सापडला, तर हवा लागेल अशा खोक्यात ठेवून वन्यजीव उपचाराचा परवाना असलेल्या माणसांना बोलवायचं. १९१८ च्या केंद्रीय कायद्यानं इथे हे पक्षी पाळणं तर सोडाच, गळलेलं पीस किंवा रिकामं घरटं घरात ठेवणंही गुन्हा आहे.

आता साखरपाण्याचं. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळेपर्यंत ढवळायचं, पाक होऊ द्यायचा नाही, पूर्ण गार करून भरायचं. लाल रंग घालायचा नाही, बाटलीवरची लाल प्लॅस्टिकची फुलं पुरतात. मधही नाही, त्यात बुरशी झपाट्यानं धरते. बिनसाखरेच्या गोळ्या तर मुळीच नाहीत. इथवर आईनं ऐकून घेतलं. “आणि गूळ? थंडीत गूळ उष्ण पडेल की. बिचारा गारठलाय.” गुळात आणि तांबड्या साखरेत लोह असतं, ते या पक्ष्यांना झेपत नाही, हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. साखर कारखान्याच्या जिल्ह्यातली बाई. “गुळापेक्षा साखर बरी असं जन्मात पहिल्यांदा ऐकतेय,” म्हणाली.

साखर त्यांना गोड कशी लागते हेही एक कोडंच होतं. पक्ष्यांच्या पूर्वजांनी गोडाची चव ओळखणारा एक जनुक केव्हाच गमावलाय. कोंबडीला साखर काय नि माती काय. हमिंगबर्डच्या पूर्वजांत मात्र मांसाची, रश्शाची चव ओळखणारी जी यंत्रणा असते तीच हळूहळू बदलून साखर ओळखू लागली. मॉड बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवलं. आणि जीभ? ती बारीक नळीसारखी असून पाणी आपोआप वर चढतं, असं शे-दीडशे वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. आलेहांद्रो रिको-गेवारा यांनी पारदर्शक बाटल्या आणि वेगवान कॅमेरे लावून पाहिलं, तेव्हा वेगळंच निघालं. जीभ टोकाशी दुभंगते, तिच्या कडा उलगडून पाणी पकडतात. आणि चोचीत दबून चपटी झालेली जीभ पाण्यात शिरताच फुगून ते ओढून घेते. हे गृहस्थ सध्या इथल्याच वॉशिंग्टन विद्यापीठात आहेत, त्यामुळे आमच्या भागातल्या पक्षीवेड्यांना उगाचच घरच्या माणसाचं कौतुक.

बाटली गोठू नये म्हणून लोक काय काय करतात ते पाहायला मी एका थंडीत गल्लोगल्ली हिंडले. कुणी बाटलीला लोकरी मोजा चढवलेला, कुणी खाली गरम दिवा बसवलेला, कुणी हात शेकायच्या पुड्या चिकटपट्टीनं बांधलेल्या. विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पत्र्याच्या डब्यात बल्ब बसवून, तापमान उतरलं की आपोआप पेटेल अशी सोय केली होती आणि तिचं रेखाचित्र मला वहीत काढून दिलं. मी बाटलीभोवती दिवाळीची दिव्यांची माळ गुंडाळून पाहिली. दिसायला सुरेख, उपयोग शून्य. हल्लीच्या माळा एलईडीच्या, त्या तापतच नाहीत. जुन्या, वीज खाणाऱ्या बल्बांची नाताळची माळ लागते. शेवटी सगळ्यात सोपं तेच मी करते. दोन बाटल्या, एक बाहेर, एक आत, गोठायला लागली की अदलाबदल. रात्री दोन्ही आत. दोन बाहेर टांगायच्या तर एकीवरून दुसरी दिसता कामा नये, नाहीतर अण्णा दोन्हींचा ताबा घेतात आणि वहिनी उपाशी.

साफसफाईबद्दल कडक बोलते, कारण इथे माणसं हमखास ढिली पडतात. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, थंडीत निदान आठवड्यातून एकदा बाटली गरम पाण्यानं, ब्रशनं घासायची. पाणी गढूळ दिसलं की फेकायचं. काळी बुरशी धरलेली बाटली टांगण्यापेक्षा न टांगलेली बरी. ज्यांना आठवडाभर बर्फावर घसरायला जायचंय आणि शेजाऱ्याला सांगायची लाज वाटते, त्यांनी हा नाद करू नये.

शिवाय नुसत्या बाटलीनं पोट भरत नाही. साखर हे इंधन. प्रथिनं किड्यांतून येतात. थंडीतल्या उघडिपीला चिलटांचे थवे उन्हात नाचतात, त्यांत अण्णा घुसून हवेत एक-एक टिपतात. कोळ्याच्या जाळ्यातले किडे पळवतात, प्रसंगी कोळीही. सॅपसकर नावाचा सुतार पक्षी झाडाच्या सालीला ओळीनं भोकं पाडून रस काढतो. त्या भोकांवरही यांची उधारी चालू असते. म्हणून बागेत कीटकनाशक मारायचं नाही, पाचोळा झाडून लख्ख करायचा नाही. माझ्या नवऱ्याला हा नियम फार आवडला.

आणि फुलं. थंडीत फुलणारं झाड लावायचं तर माझं मत महोनियाला. काटेरी पानांचं, ताठ, एरवी रुक्ष दिसणारं झुडूप. पण नोव्हेंबर-डिसेंबरात शेंड्यावर पिवळ्याधमक तुऱ्यांचा झुबका उघडतो. आपल्या आयुर्वेदातल्या दारुहळदीचं हे नात्यातलं, एकाच कुळातलं. माझं झुडूप दरवाजापासून चार हातांवर आहे. अण्णा एकेका तुऱ्याला खालून वर हिशेब तपासल्यासारखे जातात आणि बाटलीला विसरतात. त्या दिवसांत मला जरा मोकळं वाटतं. मार्चमध्ये इथल्या रानातलं लाल फुलांचं करंटचं झुडूप फुलतं. ते मी रूफससाठी लावलं, अण्णांनी बळकावलं.

रोज पाऊस पडतो म्हणून निरीक्षणाला सुट्टी नाही. भर पावसात हा उडता उडता कुत्र्यासारखं अंग झटकतो. बर्कलीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच जातीवर ते मोजलं. अंग झटकताना त्याच्या डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या तीसपटीहून जास्त हिसका बसतो. आमच्या वळचणीखाली हा प्रयोग फुकट.

संक्रांत आली की अण्णांचं चित्त बाटलीवर राहत नाही. एखाद्या दुपारी ते सरळ वर चढू लागतात, चढत चढत तीस-चाळीस मीटरवर ठिपका होतात आणि तिथून खाली झेप टाकतात. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी मोजलेला वेग ताशी ९८ किलोमीटरच्या आसपास आहे. तळाशी वळताना एक तीक्ष्ण ‘चीप’ ऐकू येतं. तो आवाज गळ्यातून येत नाही, शेपटीची बाहेरची पिसं वाऱ्यात थरथरून तो उमटतो. हे २००८ मध्ये क्लार्क आणि तेरेसा फियो यांनी सिद्ध केलं. ऊन असेल तर झेपेची दिशा अशी, की गळ्याची लाली नेमकी वहिनींच्या डोळ्यांत चमकावी. यानंतर संसारात अण्णांचा वाटा संपतो.

घरटं वहिनी एकट्या बांधतात. फेब्रुवारीत, गारठ्यात. कापसासारखी मऊ लव, कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वरून शेवाळ-दगडफुलाचे तुकडे, आकार पणतीएवढा. आत पावट्याच्या दाण्याएवढी दोन अंडी. कोळ्याचा धागा ताणतो, म्हणून पिल्लं वाढतात तशी पणती रुंदावते. दोन वर्षांपूर्वी आमच्या रोडोडेंड्रॉनवर ते होतं. बर्फ पडला, वहिनींच्या पाठीवर पांढरा थर साचला, त्या हलल्या नाहीत. पुढे महिन्याभरानं एक पिल्लू उडालं. दुसऱ्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही.

बाटल्यांनी या पक्ष्याला फक्त नवा मुलूख दिला असं नाही. संग्रहालयांत जपलेले जुने नमुने ताडून पाहणारं एक संशोधन २०२५ मध्ये आलं. जिथे बाटल्या वाढल्या तिथे या पक्ष्याची चोच काही पिढ्यांत लांब आणि निमुळती होत गेलीय. आपण टांगतो वाटीभर साखरपाणी, आणि त्याच्या चोचीचा घाट बदलतो. याचं मला भय वाटतं की अभिमान, ते अजून ठरलेलं नाही. बाटली मात्र टांगते.

पुण्याहून, नाशिकहून मैत्रिणी विचारतात, आम्हीही शिंजीरासाठी अशी बाटली टांगू का? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. शिंजीर हा हमिंगबर्डचा नातेवाईक नव्हे. दोघांचा धंदा एक म्हणून चोच सारखी. त्याला तुमच्याकडे साडेपंधरा तासांची गोठणारी रात्र नाही, आणि थंडीनंतर लगेच पळस, पांगारा, धायटी त्याच्यासाठी फुलतात. अडुळसा लावा, जास्वंद लावा, कोळ्याची जाळी झाडू नका. त्याचं लोंबतं घरटं त्याच धाग्यांनी विणलेलं असतं.

आणि लेकीकडे, मुलाकडे थंडीत सिअ‍ॅटलला येणं झालंच, तर मॉलमध्ये फिरण्याआधी एक सकाळ वॉशिंग्टन पार्क आर्बोरेटमला द्या. तिथे जोसेफ विट यांच्या नावाचा हिवाळी बगीचा आहे. जानेवारीत दहाच्या सुमाराला जा, महोनियाशेजारी पाठीवर ऊन घेऊन उभं राहा आणि वर शेंड्याकडे कान द्या. तेल न घातलेल्या बिजागरीसारखी करकर ऐकू आली, तर ते अण्णांचं गाणं. प्रवेशाला तिकीट नाही.